गिटारच्या पाठीवरचे दोन व्हॉल्व्ह

साल्तो गावात दुपारी एक ते चार या वेळात कोणी मरत नाही. मेलंच, तर घरचे लोक चारनंतर कळवतात. दुकानांच्या फळ्या लागतात, कुत्री संत्र्याच्या झाडाखाली आडवी होतात, आणि गावालगतची नदीसुद्धा जरा दमानं घेते असं वाटतं. ही सिएस्ताची, दुपारच्या झोपेची वेळ. या वेळात दुसऱ्याचं दार वाजवणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा पोलिसांचा.

वाल्देमार ऑलिवेराच्या घरात या तीन तासांना कायद्याचं बळ होतं. तो गावचा रेडिओ मेकॅनिक. सकाळभर त्याच्या कानात शिट्ट्या, खरखर, ब्राझीलची स्टेशनं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ओतल्या जायच्या. तेव्हा दुपारी जेवून आडवं झाल्यावर घरात चमचा वाजता कामा नये असा त्याचा हुकूम होता. नळ सोडायचा नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. खोकला आलाच तर अंगणाच्या टोकाला जाऊन खोकायचं. बायको नेलिदा आणि एकुलता एक मुलगा फाबियान यांनी हा कायदा बिनतक्रार पाळला. तक्रार करायलाही आवाज लागतो.

मग तेविसाव्या वर्षी फाबियान दोरादो मासे धरायला होडी घेऊन नदीत गेला, आणि चार दिवसांनी होडी तेवढी सापडली. तेव्हापासून ते घर चोवीस तास शांत झालं. कायद्याला काही कामच उरलं नाही.

याला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत नवराबायको गळक्या छपराबद्दल बोलली, संत्र्यांवरच्या किडीबद्दल बोलली, रक्तदाबाबद्दल तर तासन्‌तास बोलली. फाबियानबद्दल बोलली नाहीत. तसं काही ठरलं नव्हतं. एकानं विषय काढला तर दुसऱ्याचं काळीज फाटेल, म्हणून दोघंही एकमेकांच्या काळजाला जपत होती, इतकंच.

जपण्याच्या याच नादात वाल्देमारनं एक कॅसेट लपवून ठेवली होती. होडी सापडल्यावर महिन्याभरानं ती त्याला कामाच्या खोलीत, त्याच्याच टेपरेकॉर्डरच्या पोटात सापडली. फाबियाननं गिटारवर वाजवलेली मिलोंगाची एक धून. साडेतीन मिनिटं. वाजवणं इतकं हलकं, की तारा छेडतोय की त्यांची समजूत काढतोय कळू नये. शेवटची तार अजून घुमत असते, तेवढ्यात कोणीतरी दबक्या आवाजात चारपाच शब्द बोलतं, आणि ‘खट्’. टेप बंद.

ते चारपाच शब्द वाल्देमारला पंचवीस वर्षांत लागले नव्हते. आवाज पोराचा होता, एवढं नक्की. पण तो घुमणाऱ्या तारेखाली आणि टेपच्या खरखरीखाली पार दबून गेला होता. मेकॅनिक म्हणून एक गोष्ट मात्र त्यानं पहिल्याच दिवशी ताडली होती. तार घुमत होती याचा अर्थ पोराचे दोन्ही हात गिटारवर होते. म्हणजे बटन दुसऱ्याच कोणीतरी दाबलं. कोणीतरी मुलगी असणार, असा त्याचा तर्क. त्या वयाच्या गावातल्या सगळ्या मुलींकडे तो तेव्हापासून संशयानं बघत आला होता. आता त्या मुलींचे केस पिकायला लागले होते आणि वाल्देमार आपल्याकडे असं का बघतो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कानाच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं, “वाल्देमारसाहेब, दर वर्षी थोडं थोडं जाणार. आधी जाते ती कुजबुज.”

“किती दिवस?”

“कुजबुजीला? एखादं वर्ष धरा.” डॉक्टरनं कानात घालायचं एक यंत्र पुढे केलं. वाल्देमारनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं.

“का?”

“याला स्क्रू कुठंय?”

ज्या वस्तूला स्क्रू नाही आणि जी तापत नाही तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. घरी येऊन त्यानं ब्युनोस आयर्सहून एक किट मागवलं: हेडफोनसाठी, जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, सुटे भाग, घरी जोडून घ्यायचा. चार आठवड्यांनी खोकं आलं. दोन व्हॉल्व्ह अंड्यांसारखे गुंडाळलेले, एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर, कागदी पाकिटांत रेझिस्टर आणि कॅपॅसिटर, पत्र्याची एक पाटी, आणि एकतीस पायऱ्यांचं पुस्तक.

खोकं उघडताना एदिसन हजर होता. एदिसन कोपऱ्यावरचा बेकरीवाला. नाव एदिसन, पण दिवा गेला तर वाल्देमारला बोलावणार.

“रेडिओ मेकॅनिकनं किट मागवायचं?” एदिसन म्हणाला. “उद्या मी बाजारातून पाव आणीन.”

“हात थरथरतात लेका. सगळं मोजूनमापून एका खोक्यात आलेलं बरं.”

“मग त्या थरथरत्या हातांनी विजेशी खेळ. दफनभूमीत माझ्या सासूशेजारची जागा मोकळी आहे. पण मी तुला मित्र म्हणून सांगतो, तिथं जाऊ नकोस. ती गप्प बसत नाही.”

“ऐकू येणं बंद झाल्यावर जातो,” वाल्देमार म्हणाला.

काम त्यानं सिएस्तात करायचं ठरवलं. गावातल्या लाकूडगिरण्या आणि वेल्डिंगची दुकानं त्या वेळात बंद असतात, वीज सरळ येते, असं कारण त्यानं स्वतःला दिलं. दुसरं कारण असं, की दुपारची झोप त्याला सोडून कित्येक वर्षं झाली होती. तो नुसता डोळे मिटून पडायचा. आपणच केलेला कायदा आपणच कसा मोडायचा, म्हणून.

आता जेवण झालं की नेलिदा म्हणायची, “तू पड म्हाताऱ्या, मी आवरून येते.” तो पडायचा. तिची पावलं स्वयंपाकघरात गेली की बूट हातात घेऊन अंगणातून मागच्या खोलीत. स्वतःच्याच घरात, चोरासारखा. कामाची ती खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला काढलेली पडवी. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. चिमट्यानं धरायचं, डाग द्यायचा तापलेला काविया टेकवायचा, कथील पाण्यासारखं वितळलं की फुंकर न घालता थांबायचं. राळेचा वास आला की त्याचे हात आपोआप तीस वर्षांनी तरुण व्हायचे. डाग चांगला बसला की तो आरशासारखा चमकतो; वाईट बसला की राखेसारखा दिसतो. त्याचे पहिले चार राखेसारखे बसले. ते त्यानं उपसून पुन्हा दिले.

सहाव्या पायरीला अडलं. पुस्तक म्हणत होतं, व्हॉल्व्हच्या बैठका पत्र्याच्या पाटीवर बसवा. वाल्देमारनं पाटी बोटानं दाबून पाहिली. “बिस्किटाच्या डब्याचं झाकण,” तो म्हणाला, आणि कपाटावरून चादरीत गुंडाळलेली फाबियानची गिटार खाली काढली.

एका कडक उन्हाळ्यात तिचं तोंड तडकलं होतं, मान निखळली होती. पाठ तेवढी शाबूत होती: पापडासारखी पातळ, काळसर तांबूस. पहिल्या दुपारी तो करवत हातात घेऊन नुसता बसून राहिला. दुसऱ्या दुपारी त्यानं कापली. पत्रा कच्चा होता हे खरं, पण त्याच्या खोलीत चांगला जाड पत्रा ढिगानं पडलेला होता हेही खरं. पोराचा आवाज पोराच्या लाकडावरून यावा, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. जाणता मेकॅनिक असला वेडेपणा करत नाही. आणि केलाच, तर त्याला शास्त्रीय कारण देतो.

संध्याकाळी नेलिदानं कपाटावरची चादर पाहिली. चादर सपाट झाली होती. तिनं ती उचलली, झटकली, घडी घातली. 

तीस पायऱ्या झाल्या. एकतिसावीत व्हॉल्व्हच्या गळ्यात रबरी कडी अडकवायला सांगितलं होतं. दागिना घालायचा तर नवरी उभी राहू दे आधी, असं म्हणून त्यानं कड्या बाजूला ठेवल्या. अँप्लिफायर फळ्यांच्या भिंतीला ठोकलेल्या मांडणीवर मांडला आणि बटन दाबलं.

व्हॉल्व्ह आधी काहीच करत नाहीत. मग त्यांच्या पोटात, आळसावलेल्या मांजरानं डोळा उघडावा तसा नारिंगी उजेड येतो. वाल्देमारनं हेडफोन चढवले. बारीकशी घरघर होती. पहिला व्हॉल्व्ह नीट बसलाय का बघायला त्यानं पेन्सिलीच्या रबरानं त्याला टिचकी मारली.

कानात गिटार वाजली.

सूर नव्हता तो. गिटार खाली ठेवताना तिचं पोट कुठेतरी टेकावं आणि सगळ्या तारा एकदम सुस्कारा टाकाव्यात, तसं काहीतरी. त्याच्या हातांवर काटा आला. बाहेर अडतीस डिग्री ऊन होतं.

मग त्यानं कॅसेट लावली. मिलोंगा अशी वाजली की इतकी वर्षं आपण ती भिंतीपलीकडून ऐकत होतो असं वाटावं. बोट तारेवरून सरकल्याचा आवाज होता. पोराचा श्वास होता. शेवटची तार घुमली, ते शब्द आले, आणि धुकं होतं तसंच राहिलं. त्यानं आवाज वाढवला. मोठं धुकं आलं. आठ वेळा ऐकून त्यानं कॅसेट बाहेर काढली, टेपरेकॉर्डरची वायर उपटली, आणि हेडफोन काढायचंही भान न राहून खाली मान घालून बसून राहिला.

तेवढ्यात त्याच्या कानात कोणीतरी म्हणालं, “हळू.”

आवाज पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. लाकडाचा होता.

थोड्या वेळानं पुन्हा: “तो झोपलाय.”

वाल्देमार हलला नाही. कॅसेट त्याच्या मुठीत होती. वायर जमिनीवर पडली होती. जे यंत्र कशालाच जोडलेलं नाही ते त्याला सांगत होतं की तो झोपलाय.

दुसऱ्या दिवशी तो मेकॅनिकसारखा विचार करायला बसला. असे अँप्लिफायर कधीकधी रेडिओ पकडतात. नदीपलीकडच्या कोंकोर्दियाचं स्टेशन असेल. पण त्या वेळेला ते लोक गुरांचे भाव सांगतात, आणि गुरांचे भाव सांगणारा माणूस इतक्या मायेनं बोलत नाही. दोन वाजता आवाज आला: “घे. गरम आहे, सावकाश.” मग बराच वेळ काही नाही. मग: “थंडी वाजते का रे तिथं?”

वाल्देमारच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. आयुष्यात त्याला कोणी इतक्या आपुलकीनं काही विचारलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. हेडफोन घातलेला माणूस बोलतो तसं, मोठ्यानं.

कानातला आवाज तुटला. त्या दुपारी पुन्हा आला नाही.

रात्रीच्या जेवणाला नेलिदानं टेबलावर इस्त्रीचा रुमाल अंथरला होता. पालक भरून भाजलेली रोटी केली होती, जी ती फक्त वाढदिवसांना करायची. दोन तुकडे स्वतः खाल्ले.

“आज काय विशेष?” वाल्देमारनं विचारलं.

“काही नाही. पालक स्वस्त होता,” ती म्हणाली, आणि भांडी घासताना गुणगुणली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. वाल्देमारला ते जेमतेम ऐकू आलं. कान चालले, असं मनाशी म्हणून तो झोपायला गेला.

चार दिवसांनी त्यानं एदिसनला सगळं सांगितलं. एदिसननं टोपी काढून पुन्हा घातली.

“पाद्र्याला बोलाव.”

“सिएस्तात पाद्री येणार आहे का?”

“मग चारनंतर बोलाव.”

“चारनंतर आवाज येत नाही.”

“सभ्य भूत आहे,” एदिसन म्हणाला. “आमच्या सासूला वेळकाळ काही नव्हतं. बरं, पुस्तकात काय म्हटलंय? एकतीस पायऱ्या लिहिणारे लोक, भुताबद्दल दोन ओळी लिहिल्या असतील की.”

वाल्देमारनं चिडून पुस्तक उघडलं. आणि एकतिसावी पायरी, जी त्यानं अर्धीच वाचली होती, ती पुरी वाचली: व्हॉल्व्हमधून आसपासचे आवाज ऐकू येत असल्यास रबरी कडी बसवावी.

त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. यात नवीन काही नव्हतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात असे शेकडो व्हॉल्व्ह त्याच्या हातून गेले होते. आतली जाळी सैल झाली की व्हॉल्व्ह कानासारखा ऐकायला लागतो, हे तो गिऱ्हाइकांना झोपेतही समजावून सांगायचा. आणि त्यात त्यानं तो कान पापडासारख्या लाकडावर बसवला होता, लाकूड मांडणीवर, मांडणी फळ्यांच्या भिंतीवर. दुसऱ्या कोणाचं यंत्र असतं तर त्यानं पाच मिनिटांत दोष सांगितला असता. आपल्या यंत्रातला दोष त्याला सापडायला नको होता.

“काय लिहिलंय?” एदिसननं विचारलं.

“छपाई वाईट आहे,” वाल्देमार म्हणाला, आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दुपारी कानात “घे, गरम आहे” आलं, तसे त्यानं हेडफोन काढून ठेवले आणि अनवाणी अंगणातून स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापर्यंत गेला.

नेलिदा त्याच्याकडे पाठ करून, फळ्यांच्या भिंतीशी बसली होती. समोर दुसरं स्टूल होतं, रिकामं. हातात येर्बाचा, म्हणजे नळीनं ओढून प्यायच्या पाल्याच्या चहाचा तुंबा. ती किटलीतून त्यात गरम पाणी ओतायची, नळीचं तोंड पलीकडे वळवून तुंबा रिकाम्या स्टुलाकडे धरायची, आणि एखादा माणूस चार घोट घेईल इतका वेळ हात तसाच ठेवायची. मग स्वतः प्यायची, पुन्हा पाणी ओतायची, पुन्हा पुढे करायची. येर्बाच्या फेरीत पुरे झालं की पिणारा आभार मानतो. तोवर ओतणाऱ्यानं ओतत राहायचं असतं. नेलिदाची किटली मोठी होती.

“खायला-प्यायला देतात का रे नीट?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “हळू बोल. तो झोपलाय.”

वाल्देमार आला तसा परत गेला. अँप्लिफायरसमोर बसला. ‘तो’ कोण, हे आता त्याला कळलं होतं. घरात झोपलेला माणूस एकच होता. आणि मग, जरा उशिरानं, त्याला त्या पालकाच्या रोटीचाही अर्थ लागला. थंडी वाजते का, असं तिनं विचारलं होतं. पंचवीस वर्षं विचारत आली असेल. आणि त्या दिवशी फळ्यांच्या भिंतीतून एका पुरुषाच्या आवाजात उत्तर आलं होतं: नाही.

रबरी कड्या समोरच पडल्या होत्या. दोन मिनिटांचं काम. कड्या घातल्या की लाकूड गप्प होईल आणि कदाचित टेपवरचे ते शब्दही सुटे होतील. त्यानं एक कडी उचलली, बोटात घालून फिरवली, आणि परत ठेवली.

पुढच्या दिवशी जेवण झालं. नेलिदा म्हणाली, “तू पड म्हाताऱ्या, मी आवरून येते.”

“मी झोपत नाही,” वाल्देमार म्हणाला.

“का? पोट बिघडलं?”

“दुपारचा झोपत नाही. किती वर्षं झाली. डोळे मिटून पडतो.”

नेलिदा हातातली ताटली घेऊन उभी राहिली. “मग आम्ही इतकी वर्षं कुजबुजत कशाला...” ती म्हणाली, आणि थांबली. ताटली तिनं टेबलावर ठेवली. सवयीनं, आवाज न करता.

“मागं चल,” तो म्हणाला. “तुला एक दाखवायचंय.”

मागच्या खोलीत आल्यावर तिनं आधी यंत्र पाहिलं नाही, लाकूड पाहिलं. त्याच्यावर बोट फिरवलं. दोन्ही व्हॉल्व्ह पेटलेले होते.

“ओरखडा आहे तसाच,” ती म्हणाली. “पट्ट्याच्या बकलाचा. मी ओरडायचे त्याला.” मग म्हणाली, “ओरडायचे म्हणजे, तुझ्या झोपेच्या बेतानं.”

वाल्देमारनं खण उघडून कॅसेट काढली. नेलिदानं ती पाहिली आणि खाली बसली.

“ही तुझ्याकडे होती?”

“मशीनमध्ये सापडली. तुला त्रास होईल म्हणून...”

“मी सगळं घर शोधलं होतं रे. तुला त्रास होईल म्हणून विचारलं नाही.”

 त्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले, पिकलेल्या केसांच्या बटा नीट आतून काढल्या, आणि टेप सुरू केली.

साडेतीन मिनिटं तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली. शेवटाकडे तर तिचं एक बोट आपोआप उठलं आणि हवेत काहीतरी दाबल्यासारखं खाली आलं. त्याच क्षणी टेपवर ‘खट्’ झालं.

“तू?” वाल्देमार म्हणाला. “बटन तू दाबलंस?”

“मग कोण? त्याचे हात अडकलेले होते.” तिनं हेडफोन एका कानावरून सरकवले. “तुझं मशीन घ्यायला तू त्याला मना केलं होतंस ना. म्हणून सिएस्तात. तू आत घोरत होतास. मी दाराशी बसून तुझ्या घोरण्यावर लक्ष ठेवून होते, आणि तो वाजवत होता.”

“नेलिदा. शेवटी तो काय म्हणतो?”

“तुला माहीत नाही?”

“पंचवीस वर्षं ऐकतोय. लागत नाही. म्हणून तर हे सगळं...” त्यानं दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, एकतीस पायऱ्या, सगळं दाखवलं.

नेलिदानं लाकडावरच्या ओरखड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. सांगावं की न सांगावं, हा प्रश्न नव्हता; कसं सांगितलं तर कमी लागेल, हा होता.

“‘आई, बंद कर,’” ती म्हणाली. “‘म्हातारा उठेल.’”

वाल्देमारनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. पोरानं काहीतरी मोठं सांगून ठेवलं असेल, असं त्याला पंचवीस वर्षं वाटत होतं. नदीबद्दल असेल, त्या मुलीबद्दल असेल, आपल्याबद्दल असेल. आपल्याबद्दलच होतं.

“तुझं घोरणं त्या दिवशी थांबलं होतं मध्येच,” नेलिदा म्हणाली. “कूस बदललीस. उठला नाहीस.”

“नाही उठलो.”

“उठला असतास तर ओरडला असतास.”

“ओरडलो असतो,” वाल्देमार म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. “तू पलीकडे जे बोलतेस, ते या लाकडातून ऐकू येतं. मी ऐकलंय. मला आधी वाटलं की...” त्यानं वाक्य सोडून दिलं.

नेलिदाचा चेहरा लाल झाला. चोरी पकडली गेल्यासारखा. “सगळं ऐकलंस?”

“थोडं.”

“आणि तो बोलतो ते?”

“ते नाही. फक्त तू.”

“मग तुझं यंत्र नीट नाहीये,” ती म्हणाली. आणि त्याच्याकडे झुकून, सिएस्तातल्या आवाजात: “तो फार नाही बोलत. एकदाच बोलला. पाचसहा दिवसांपूर्वी. थंडी वाजते का विचारलं, तर नाही म्हणाला. स्पष्ट. आवाज अगदी तुझ्यावर गेलाय त्याचा.”

वाल्देमारनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मिटलं.

“मेल्यावर थंडी वाजत नाही म्हणजे,” तो म्हणाला. “बरं झालं.”

“जा, पाणी ठेव,” नेलिदा म्हणाली. “येर्बा करू. मी जरा ऐकते बसून.” तिनं हेडफोन पुन्हा नीट बसवले.

“कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावू?”

“नको. राहू दे अशीच.”

त्यानं कॅसेट काढून खणात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेला. किटली चढवली. घड्याळात सव्वादोन झाले होते; गावात कुठे पानही हलत नव्हतं. पाणी उकळायच्या आत उतरवून तो फळ्यांच्या भिंतीशी, नेलिदाच्या स्टुलावर बसला. समोर दुसरं स्टूल होतं. त्यानं तुंब्यात पाणी ओतलं, नळी पलीकडे वळवली, हात पुढे केला. एक थेंबही सांडला नाही.

 सिएस्तात तो पोराशी कधी बोललाच नव्हता.

“फाबियान,” तो शेवटी दबक्या आवाजात म्हणाला, “मी जागा आहे रे. वाजव तू. मोठ्यानं वाजव.”

फळ्यांपलीकडून नेलिदाचा आवाज आला. ती ओरडली नव्हती, पण हेडफोनमुळे जरा मोठ्यानंच बोलली.

“म्हाताऱ्या, थांब जरा. दोघं एकदम बोलू नका. मला काहीच कळत नाहीये.”

वाल्देमार थांबला. रिकाम्या स्टुलाकडे धरलेला हात त्यानं मागे घेतला नाही. आपली पाळी येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.